मुलगा मदत करीत नाही

हायकोर्टात साधे कपडे घालून या, असं वकील साहेबांनी बजावलं होतं. "बडेबाबू, आपली पेन्शन कापली गेली आहे, हे अंगावर दिसलं पाहिजे." मी कशाला ऐकतो! जन्म हेडक्लार्कीत गेला माझा, सरकारी दारात चुरगळलेल्या शर्टानं कधी पाय ठेवला नाही. कडक इस्त्री करूनच निघालो. तोरा पाहा म्हाताऱ्याचा! आता त्या तोऱ्याचीच लाज वाटते.

आमच्या महामंडळानं तोट्याचं कारण काढून निवृत्त लोकांची पेन्शन अर्ध्यावर आणली. महामंडळ बुडवलं कोणी अन् कापायचं कोणाचं! आम्ही सगळे चिडून प्रताप नगरात माझ्या घरी जमलो आणि केस टाकायची ठरली. वकील साहेब म्हणाले, निकालाला वर्षं लागतील, तोवर कपात थांबवायची असेल तर कोणा एकाचे हाल कोर्टासमोर मांडावे लागतील. सगळे माझ्याकडं पाहू लागले. बायको गेलेली, हृदयाचं दुखणं, गोळ्या जन्माच्या. शिवाय मसुदा बडेबाबूच करणार, दुसरं कोण? मला तर मूठभर मांस चढलं.

एका बैठकीत प्रतिज्ञापत्र उतरवलं मी. त्यात एक वाक्य होतं: 'अर्जदारास एक मुलगा असून तो अर्जदारास कोणतीही आर्थिक मदत करीत नाही.'

आता हे वाक्य खोटं नव्हतं. पोरगा पुण्याला चांगल्या कंपनीत आहे आणि मला पैसे देत नाही. का देत नाही? पहिल्या पगाराचं पाकीट त्यानं माझ्या हातात ठेवलं, तर मी ते त्याच्याच खिशात कोंबलं. "तुह्या बापाले पेन्शन आहे, समजलं का? तुह्या पैशाची गरज नाही मले." पुढं दिवाळीला त्यानं परत काढलं तेव्हा तर मी ताटावरून उठलो होतो. नंतर बिचाऱ्यानं विषयच सोडला. पण ऑफिसात आम्ही एक शिकलो होतो: विचारलं तेवढंच लिहायचं. कारण लिहिलं की वरून शेरा येतो, फाईल परत फिरते. मी कारण लिहिलं नाही. पोराबद्दल लिहितोय असं त्या वेळी वाटलंच नाही मला, मी फाईलवर नोटिंग करत होतो.

तारखेच्या दिवशी पोरगा पुण्याहून हजर. "एकट्याले कसं जाऊ देऊ तुम्हाले?" माझी पाण्याची बाटली त्याच्या हातात, पायऱ्या चढताना माझा दंड धरलेला. आम्ही मागच्या भिंतीशी उभे राहिलो. शिकायला गेल्यापासून तो पुण्यालाच, आमच्या मंडळींपैकी कोणी त्याला ओळखत नव्हतं.

आमचा पुकारा झाला. वकील साहेब इंग्रजीत बोलत होते, पण तेवढं इंग्रजी मलाही कळतं. माझं आजारपण सांगून झालं आणि मग ते वाक्य आलं. न्यायमूर्तींनी मान वर केली. एकुलता एक मुलगा? नोकरीला आहे? वकील साहेब म्हणाले, होय, पुण्यात उत्तम नोकरी आहे, पण वडिलांकडं पाहत नाही. न्यायमूर्तींनी नुसती मान हलवली. पोराचा हात माझ्या दंडावर होता. तो त्यानं काढला नाही. अरे, झटकून तरी द्यायचा होता रे! मला बरं वाटलं असतं.

निकाल लागेपर्यंत कपात थांबवा, असा आदेश झाला. व्हरांड्यात नुसता आनंदीआनंद. कुहीकडचा आमचा एक म्हातारा ड्रायव्हर तर माझ्या पाया पडला. "बडेबाबू, बायकोचं डायलिसिस बंद करायची पाळी आली होती. तुमच्यामुळं वाचली गा ते." तेवढ्यात वकील साहेब आले आणि पोराकडं पाहून म्हणाले, "हे कोण?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत पोरगा बोलला, "शेजारी आहे मी यांचा."

"पाहा!" वकील साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पोटचा पोरगा करत नाही, ते शेजारी करून राहिला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं. समोर तो ड्रायव्हर डोळे पुसत उभा होता. मी तोंड मिटलं.

स्कूटरजवळ आल्यावर मी त्याला विचारलं, "काहून खोटं बोलला?"

"तुम्ही लिहिलेलं खोटं पडू नये म्हणून."

"मी उद्या वकिलाले सांगतो, सगळं बरोबर लिहून देतो."

"अन् त्या काकूंचं डायलिसिस?" त्यानं किक मारली, परत बंद केली. "बाबा, मले फक्त एवढं सांगा, आता तरी पाठवू का पैसे?"

काय सांगू त्याला? आज त्याचा एक रुपया घेतला तर माझं प्रतिज्ञापत्र खोटं. "केस सुरू आहे," मी म्हणालो. हेडक्लार्कच बोलला तो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

केस अजून सुरू आहे. तारखेला तो रजा काढून येतो, मागच्या भिंतीशी उभा राहतो. आमची सगळी मंडळी त्याला शेजारी म्हणूनच ओळखतात, पोह्यांची प्लेट आधी त्याच्या हातात देतात. मागच्या वेळी वकील साहेबांनी कौतुकानं विचारलं, "तुझे स्वतःचे आईवडील आहेत ना रे?"

"आई नाही. बाबा आहेत," तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

"नशीबवान माणूस आहे बुवा," वकील साहेब म्हणाले, आणि मीही सगळ्यांबरोबर मान डोलावली.