मशीनचा बार

कापलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास खालून घरात आला की मला अमरावतीचं ते मैदान आठवतं. बाबा तिथे बसून चालवायच्या मशीनने गवत कापायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी मशीन बंद केलं की सायलेन्सरमधून फाडकन बार निघायचा. बाबांचा संशय पक्का होता. "पेट्रोलमंदी कोनीतरी घासलेट मिसळून राह्यलं." त्यांनी टाकी हुंगली, प्लग बदलला. मिस्त्रीने कितीदा तरी चालू-बंद करून पाहिलं, पण बार निघेना. मग बाबांना मिस्त्रीचाच संशय आला.

डबा घेऊन आलेली आई कडुनिंबाखाली बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "कुंपणापाशी कोनी दोघं बोलताना दिसले का तुमी रेस कमी न करता चावी बंद करता, आपल्याबद्दल काय बोलून राह्यले ते आयकाले. मंग बार होईनच ना!"

बाबांनी आधी कुंपणाकडे पाहिलं, मग तिला विचारलं,

"हे तुले कोनं सांगतलं?"

तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. काल दुपारी बायको गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलू लागली, आणि एवढ्या उन्हात मी चालू कूलर बंद केला.