टाका मारलेले रुपये

माझं पहिलं जुनं नाणं मी दौलताबादच्या रस्त्याला, एका रसवंतीच्या सावलीत घेतलं आणि पुरता गंडलो. विकणारा रुमालाची गाठ इतक्या हळू सोडत होता की मी श्वास रोखून बघत बसलो. नांगराला लागलं म्हणाला, मुघलांच्या वेळचं म्हणाला. वाळूजच्या कंपनीत रोज सुट्ट्या भागांची मापं घेणारा मी, पण तिथं ते नाणं धड तळहातावर तोलूनही पाहिलं नाही. दोन महिन्यांत त्याच्याकडून अशी अकरा नाणी घेतली. बायको म्हणाली, "त्याच्या शेतात दुसरं काही पिकत नाही का?"

ती अकरा घेऊन मी मुकुंदवाडीतल्या एका काकांकडं गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेले, उभा जन्म नाणी जमवण्यात घालवलेले. त्यांनी एकेक नाणं काट्यावर टाकलं आणि चहा येईपर्यंत सगळी बाजूला सारली. सगळी खोटी, साच्यात ओतलेली, कडेला साच्याची रेघ तशीच.

"अरे, आधी काटा घे, भिंग घे," ते म्हणाले. "वर्षभर नुसती अस्सल नाणी हाताळ. घेताना विचारायचं, खोटं निघालं तर परत घेणार का? जो चिडेल त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नको."

शिवाय नाणं चिंच लावून घासायचं नाही, भोक पाडलेलं घ्यायचं नाही, आणि दागिन्यासाठी कडी जोडलेलं, म्हणजे टाका मारलेलं, तर हातातही धरायचं नाही. संग्रहाच्या दृष्टीनं ते मेलेलं.

मी शिकलो थोडं आणि मिरवलं फार. लग्नकार्यातसुद्धा माझ्या खिशात छोटा काटा असायचा. कुणी देवघरातलं नाणं दाखवलं की मी भिंग लावून निकाल द्यायचो. समोरच्याचं तोंड उतरलं की मला आतून बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

सोयगावला माझी मावशी राहते. मी सात वर्षांचा असताना आई गेली. वडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागं, म्हणून मावशीनं मला आपल्या घरी नेलं आणि दहावीपर्यंत स्वतःच्या चार लेकरांबरोबर वाढवलं. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले निजामाच्या काळातले चांदीचे रुपये असायचे. हाली रुपये म्हणतात त्यांना. ती भाकरी थापायला बसली की ते एकमेकांवर वाजायचे. अलीकडं मानेला भार सोसवेना म्हणून तिनं माळ काढून ठेवली होती.

मागच्या दिवाळीत मी गेलो, तर तिनं ती ज्वारीच्या डब्यातून काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"बघ बरं, तुझ्या कामाची हाय का."

मी काटा मांडला. दोरा सोडून एकेक रुपया तोलला, भिंगाखाली धरला.

"मावशी, अस्सल हायेत सगळे. पण टाका मारलेले. झिजलेत बी लई. संग्रहात चालत नाय असले."

"म्हंजी?"

"म्हंजी मोडीत जानार. सराफ चांदीच्या भावानं घेईल."

"कुनीच ठिवत नाय व्हय असलं?"

"ज्याला कळतं तो नाय ठेवत," मी म्हणालो.

तिनं रुपये पदरात गोळा केले. "बरं झालं तुला इचारलं," म्हणाली आणि मला आणखी एक करंजी वाढली.

संक्रांतीला तिचा फोन आला. माळ मोडून तिनं नातीला पैंजण केले होते. भाव बरा मिळाला, तुझ्यामुळं कळलं, असं वर म्हणाली. पुढच्या रविवारी मी ही गोष्ट काकांना कौतुकानंच सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी तुला विकत घ्यायचे नियम सांगितले होते," ते म्हणाले. "ती विकत होती का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सोयगाव गाठलं, आधी सराफाकडं गेलो. त्यानं ते रुपये घेतले त्याच आठवड्यात वितळवले होते. तिथून मावशीकडं गेलो आणि पहिल्यांदा विचारलं, माळ कुठून आली होती.

"सासूबाईची रीत व्हती," ती गहू निवडत म्हणाली. "घरात लेकरू आलं की माळंत एक रुपया ओवायचा."

"तुला चार लेकरं," मी म्हणालो. काट्यावर मी पाच रुपये तोलले होते.

"पाचवा तू आला तवा ओवला. सासूबाई म्हनल्या, घरात आलं ते घरचं. तुलाच द्यायची व्हती माळ. पोरांना काय कवतिक तिचं, तुला नाद हाय."

"मग तेव्हा का नाय बोललीस?"

"तू म्हनला मोडीत जानार. मंग काय बोलू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, माझं ताट वाढलं, आणि मी तिच्यासमोर बसून खाली मान घालून जेवलो.