मिरबातची तोफ आणि एक ‘खलास’

पहाटे पाचला मस्कतच्या अल् घुब्रातून आमची गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर माझे सासरे, आबा, ताठ बसले होते. डोक्यावर कॅप, मांडीवर चपात्यांचा डबा आणि चेहरा असा, की सलालाला फिरायला नव्हे, थेट आघाडीवर निघालेत. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आबा कुडाळजवळच्या गावातून दोन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे मस्कतला आले होते. त्यांना ना सोन्याचा बाजार बघायचा होता, ना समुद्र. त्यांना तोफ बघायची होती.

हे खूळ माझ्या नवऱ्याने, सुहासने, त्यांच्या डोक्यात घातलं. ओमानच्या दक्षिणेला, धोफारमध्ये, दहाएक वर्षं घरातल्या घरातच युद्ध पेटलं होतं. सुलतानाची माणसं खाली, बंडखोर डोंगरात. त्यातली सर्वांत गाजलेली लढाई बहात्तर सालच्या जुलैत मिरबात गावी झाली. धुक्याच्या आडून शेकडो बंडखोर चालून आले आणि गावातल्या मूठभरांपाशी एकच पंचवीस पौंडी तोफ होती. ती चालवायला पाच-सहा जण लागतात. त्या दिवशी काही वेळ ती एकट्या माणसाने चालवली. आबांनी उमेदीची वर्षं याच जातीच्या तोफेमागे घालवलेली.

“एकट्यान?” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “गप रव. माका ती तोफ बघूक व्हयी.”

माझा हेतू निराळाच होता. सासूबाईंनी आमसुलांच्या पिशवीत लपवून एक पोस्टकार्ड माझ्याकडे पाठवलं होतं. ते होतं आबांच्या धाकट्या भावाचं, डोंबिवलीत राहणाऱ्या दत्तूकाकांचं. रजा मिळत नाही म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तिथेच वेगळा गणपती बसवला आणि तेव्हापासून आबा त्यांच्याशी बोललेले नाहीत. आमच्या कोकणात जमीन वाटली तरी चालते, गणपती वाटलेला चालत नाही. कार्डावर एकच ओळ होती: ‘दादा, यंदा गणपतीला घरी येऊ का?’ आबा परत जायच्या आत या ओळीला उत्तर मिळवायचं, हे काम सासूबाईंनी माझ्या गळ्यात घातलं होतं. मी निघायच्या आदल्या दिवशी कार्ड आबांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, खिशात घातलं आणि विषय बदलला.

हजार किलोमीटरचा रस्ता. निझवा मागे पडल्यावर नुसतं सपाट, पिवळं वाळवंट. हैमाला पेट्रोल आणि बिर्याणी. तिथून पुढे आबा झोपले ते थेट डोंगरउतारावर जागे झाले आणि ओरडलेच. समोर धुकं होतं. दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर, गाडीच्या काचेवर भुरभूर पाऊस आणि रस्त्याच्या मधोमध एक ओला उंट. याला इथे खरीफ म्हणतात (म्हणजे पावसाळा, पिकाशी संबंध नाही). खाली सलालात नारळाच्या, केळीच्या बागा आणि शहाळ्यांच्या टपऱ्या.

“अरे सुहास, दिवसभर गाडी चालवून तू माका परत गावाक हाडलंस?”

आबांनी लागोपाठ तीन शहाळी प्यायली. मी हसून हसून बेजार झाले. सुहास तर रस्त्यातल्या प्रत्येक उंटाला सलाम ठोकत होता. आम्हा तिघांना त्या धुक्याची नशा चढली होती, एवढंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरबात. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास आला तसे आबा आणखी खूश. किल्ला दिसला, लहानसा, नीट डागडुजी केलेला. तोफ मात्र नव्हती. आम्ही किल्ल्याला दोन फेऱ्या मारल्या.

“मदफा?” मी भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या ओमानीला विचारलं. मदफा म्हणजे तोफ. मी दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिथल्या अरबीवर माझा फार भरवसा.

“मदफा गया,” तो चक्क हिंदीत म्हणाला. “बहुत साल पहले. म्युझियम.”

आबांचा चेहरा इतका पडला, की त्या माणसाने आम्हाला सरळ आपल्या घरी नेलं. त्याचं नाव सईद. मजलिसमध्ये (बैठकीच्या खोलीत) गालिच्यावर बसवून त्याने खजूर पुढे केले आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत लढाई सांगायला घेतली. तो त्या दिवशी गावात होता, सुलतानाच्या बाजूने. त्याचा सख्खा भाऊ डोंगरातून चालून आलेल्यांत, बंदूक घेऊन.

आबांनी खजूर तसाच हातात धरला. “विचार त्याका. भावाचा काय झाला?”

मी विचारलं. सईदने दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले.

“भाई के साथ? बस. खलास.”

मी तोच शब्द आबांकडे सरकवला. “खलास, आबा.” ओमानात राहून माझं सगळंच खलास असतं: दूध खलास, ताप खलास, ड्युटी खलास. आबांना मात्र खलासचा एकच अर्थ ठाऊक, फौजेतला. ते उठले. कॅप काढली. सावधान उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

“सख्ख्या भावाक,” ते पुटपुटले. “आपल्याच हातान.”

सईदला वाटलं, पाहुणे निघाले, तोही उठला. सुहास उठला, म्हणून मीही. चौघे गालिच्यावर मुकाट उभे. तेवढ्यात आतल्या दारातून कहव्याची (वेलदोडा घातलेल्या कॉफीची) किटली घेऊन एक वाकलेला म्हातारा आला.

“मेरा भाई,” सईद म्हणाला. “मुसल्लम.”

“हो?” आबा मुसल्लमकडे बोट दाखवून किंचाळले. “हो तर खलास झालेलो!”

सईदला उमगायला वेळ लागला. मग तो भिंतीला धरून हसला. “झगडा खलास! भाई किधर खलास?” मुसल्लमला कळल्यावर त्याने किटली खाली ठेवली आणि स्वतःचा हात चिमटून दाखवला, जिवंत आहे म्हणून. मग दोघे आमच्यासमोरच भांडू लागले, धुकं कोणाच्या बाजूने होतं यावर. दर खरीफला भांडतात म्हणे.

आबा हसत नव्हते. “विचार, आधी कोण बोललो?”

मुसल्लम अरबीत म्हणाला, मी या वेळी नीट भाषांतर केलं: “सुलतानाची माफी मिळाली तेव्हा मी डोंगरातून उतरलो. याच्या दारात उभा राहिलो. भूक लागली होती. विचारलं, मासे आहेत का?”

परतीच्या वाटेवर आबांनी डोळा मिटला नाही. खिशातलं कार्ड चारदा काढलं, चारदा ठेवलं. तोफ पाहायला हजार किलोमीटर गेलो आणि ती नव्हती याचा मला मनापासून आनंद झाला होता; असती तर आबा तिच्याभोवती घुटमळले असते आणि सईदशी कोणी बोललंच नसतं.

घरी पोचल्यावर बूटही न काढता त्यांनी डोंबिवलीचा नंबर फिरवायला लावला. फोनवर पलीकडे दत्तूकाकांचा आवाज आला. आबांच्या तोंडून मोठ्या मुश्किलीने एकच शब्द निघाला.

“दत्तू... खलास.”

पलीकडे किंकाळी. मला खोलीच्या या टोकाला ऐकू आली. “दादा! कोण मेलो?”

आबा हसू लागले, रडू लागले, दोन्ही एकदम.

“कोणी नाय रे, मेल्या! गणपतीक कधी येतलंस, ता सांग.”