वाणाची फडकी

हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की अजूनही माझं डोकं फिरतं. सून म्हणते, आई, एवढं काय त्यात, पाच मिनिटं जाऊन या. मी जात नाही. लोक मला तऱ्हेवाईक म्हणतात, म्हणोत बापडे. एका संक्रांतीला आमच्या घरात जे झालं ते मी विसरलेली नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. बाबा बंगळूरला एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणीघर आणि त्याच्याही मागं होसकोट्याच्या दिशेनं पसरलेलं नुसतं माळरान. घरात आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच तिचा नवरा गेला आणि चोविसाव्या वर्षी सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. "वन्संना आम्ही ठेवून घेतलंय," असं आई आल्यागेल्याला सांगायची. पहाटे बंब पेटवण्यापासून रात्री झाकपाक होईपर्यंत घरातलं सगळं आत्याच करायची, हे मात्र कुणाला सांगायची नाही.

वसाहतीत घर मिळण्याआधी वर्षभर आम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये भाड्यानं राहिलो होतो. शेजारी एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई होती. तिच्याकडे बशा पुसायला, तोंड धुवायला, सगळ्याला क्रोशानं विणलेली चौकोनी फडकी असायची. जाड सुती दोऱ्याची, पाणी चटकन टिपणारी, धुतली की पुन्हा पांढरीशुभ्र. आमच्याकडे फडकं म्हणजे बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा. आत्या कुंपणापाशी उभी राहून त्या बाईचे हात बघत राहायची. एक दिवस म्हातारीनं सरळ तिच्या हातात सुई दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण महिन्याभरात आत्याचं फडकं म्हातारीपेक्षा सरळ यायला लागलं.

दोरा आणायला ती मला घेऊन चिकपेठेत जायची. आईला इतकी वर्षं बंगळुरात काढूनही 'सरी' म्हणजे बरं आणि 'बेडा' म्हणजे नको, यापलीकडे कानडी येत नव्हतं. आत्या मात्र दुकानाच्या पायरीवर उभी राहून ठणकावून म्हणायची, "स्वल्प दप्प दार बेकु," म्हणजे जरा जाड दोरा हवा, आणि दुकानदार "तगोळी अक्का" म्हणत जाड दोऱ्याच्या लडी पुढं टाकायचा. तिथं तिला कुणी ठेवून घेतलेली नव्हती. ती गिऱ्हाईक होती, आणि तोऱ्यात असायची.

मलाही तिनंच विणायला शिकवलं. एक गोष्ट तिनं माझ्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवली. नवी ओळ सुरू करताना तीन साखळ्या घालायच्या. त्या तीन साखळ्या म्हणजेच ओळीचा पहिला खांब, पहिला उभा टाका. परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा. ती जागा चटकन दिसत नाही, म्हणून तो खांब राहून जातो, आणि राहिला की दर ओळीला एक खांब कमी होत फडकं निमुळतं होत जातं. माझा खांब राहिला की आत्या रागवायची नाही, न बोलता सगळं उसवायची. ते रागवण्यापेक्षा वाईट होतं.

वसाहतीतल्या मराठी बायकांचं एक महिला मंडळ होतं. मोठ्या साहेबांची बायको त्याची अध्यक्ष. त्या वर्षी मंडळानं मुलींसाठी विणकामाचा वर्ग काढायचं ठरवलं, आणि शिकवणाऱ्या बाईला पगार द्यायचंही. आत्याला ती जागा हवी होती. तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. पगार थोडकाच होता, पण तिचा स्वतःचा असता. आठवड्यातून तीन दुपारी ती या घराबाहेर, एका खुर्चीवर बसली असती. तिनं बाबांना विचारलं. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, बायकांचं बायकांनी बघा.

मग आईनंच तोड काढली. म्हणाली, संक्रांतीला मी तुमची फडकीच वाण म्हणून लुटते. दरवर्षी मेले तेच कंगवे आणि साबणाच्या वड्या. सगळ्या बायका हातात घेऊन बघतील, वाखाणतील, आणि निघताना मी अध्यक्षबाईंना बाजूला घेऊन सांगेन की हे आमच्या वन्संचं काम, वर्गाला त्यांनाच घ्या. आत्यानं विचारलं, नक्की सांगाल ना वहिनी? आई म्हणाली, तुमच्या गळ्याची शपथ. दीड महिना आत्यानं दुपारची झोप सोडली. तीस फडकी विणली, प्रत्येकाला कडेनं लाल रेघ, आणि तिसातलं एकही दुसऱ्यापेक्षा बोटभर लहानमोठं नव्हतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी आत्या स्वयंपाकघरात. तिनं कुठं असायचं हे कुणी सांगावं लागत नव्हतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या आणि मी गुलाबदाणी घेऊन सगळ्यांवर पाणी शिंपडत होते. वाण हातात पडलं आणि ज्या त्या बाईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. काय सुबक, काय सारखं, असं चाललेलं. अध्यक्षबाईंनी तर फडकं गालाला लावून बघितलं आणि विचारलं, कुठून हो आणलीत? आई काही बोलायच्या आत मीच सांगून टाकलं, आमच्या आत्यानं विणलीत. मला इतका अभिमान वाटत होता की थांबणं शक्यच नव्हतं.

अध्यक्षबाईंनी आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी फडकं खाली ठेवलं नाही. आणि माझी आई हसून म्हणाली, "अहो, काहीतरीच बोलते ही. वन्सं दोरा तेवढा गुंडाळून देतात. विणलं मीच."

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. आत्या दुधाचे पेले भरत होती. तिनं मान वर केली नाही, पेलेही सगळे भरले. बाहेर अध्यक्षबाई म्हणत होत्या, मग तर प्रश्नच मिटला, वर्ग तुम्हीच घ्या. आणि ज्या आईला साखळी आणि खांब यांतला फरक सांगता आला नसता, ती मान खाली घालून लाजत "बघते" म्हणाली. दुसऱ्यांदा आग्रह झाल्यावर "बरं" म्हणाली.

बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, या कार्टीनं भलत्या वेळी तोंड उघडलं, मी तरी काय करणार? सणाचं वाण, सगळ्या सवाष्णी, कुणी मनात काही आणलं असतं म्हणजे? तेव्हाही माझ्या अंगाची आग झाली आणि आता लिहितानाही होते आहे. तिळाचे लाडू आत्याच्याच हातांनी वळलेले होते, ते त्या सवाष्णींनी दोन-दोन खाल्ले. तिच्या हातचं पोटात गेलेलं चालत होतं. आणि मुळात कुणी हरकत घेतली तरी होती का? लोकांनी मारायच्या आधीच आईनं हात उगारला, तोही तिच्यावर.

चार दिवसांनी आई गोड आवाजात म्हणाली, वन्सं, मला जरा जुजबी दाखवून ठेवा. मला वाटलं, आता तरी आत्या सुई फेकून मारेल. तिनं तीन दुपारी बसून आईला शिकवलं. आईला दम नव्हता. चार बोटं रुंद पट्टीच्या चार ओळी झाल्या की ती म्हणायची, कळलं, बाकी मी बघते. मला आत्याचाही राग आला. असली कसली ही मातीची बाई, असं मी मनात म्हटलं.

वर्ग सुरू झाला. मंडळाच्या खोलीत पंधरा मुली चटईवर, त्यात मी, आणि समोर खुर्चीवर आई. दुसऱ्या दिवशी तिनं ओळ उलटायला शिकवली. "इथं संपली ओळ. आता तीन साखळ्या घाला आणि फिरा." मी थांबले. ओळ संपली नव्हती. साखळ्यांच्या डोक्यावरचा खांब राहिला होता. आई विसरली असेल म्हणून मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मनात आलं, मला शंभरदा उसवून जे शिकवलं ते आत्या आईला सांगायला विसरेल?

घरी आले तर आत्या तांदूळ निवडत होती. आज काय शिकवलं, असं तिनं विचारलं. ओळ उलटायला, मी म्हटलं. "बरं," ती म्हणाली आणि खडे वेचत राहिली. मी पुढं काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला वर्गात मी माझं सरळ आलेलं काम उसवलं आणि इतरांसारखाच शेवटचा खांब सोडत गेले. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. दर ओळीला एक खांब कमी होत होता आणि मी तो मोजत होते.

दीड महिन्यानं अध्यक्षबाई वर्ग बघायला आल्या. मंडळाच्या वार्षिक समारंभात मांडायला फडकी निवडायची होती. एकेका मुलीनं आपलं काम पुढं केलं. पंधराच्या पंधरा घडीच्या पोळीसारखी त्रिकोणी. आई आधीपासूनच म्हणत होती की मुली दोरा घट्ट ओढतात, तेच तिनं पुन्हा सांगितलं. अध्यक्षबाईंनी माझं फडकं उचललं आणि विचारलं, ही तर तुमचीच ना? घरी शिकते, मग हिचंही असं कसं? तुम्हीच एक ओळ घालून दाखवा बघू.

आईनं सुई हातात घेतली, ओळीच्या टोकापर्यंत आली, खांब मोजले तर एक कमीच, आणि तिथं अडकली. तिचा चेहरा लालबुंद झाला. सुई मांडीवर टाकून ती जवळजवळ ओरडलीच, "वन्संनी मला जेवढं दाखवलं तेवढंच मी दाखवलं. त्यांनीच मला अर्धवट शिकवलं, त्यात माझा काय दोष?"

"म्हणजे संक्रांतीची फडकी तुमच्या नणंदेनं विणली होती?"

आईनं खोलीभर पाहिलं. पंधरा मुली तिच्याकडे बघत होत्या. "हो," ती म्हणाली. "तीसच्या तीस."

मला वाटलं, आता आत्याला बोलावणं जाणार. अध्यक्षबाई म्हणाल्या, आधीच सांगायचं होतंत. मग आवाज उतरवून म्हणाल्या, पण वर्ग पुढं लग्नं व्हायच्या मुलींचा आहे, त्यांच्या आयांनाही चालायला हवं, तेव्हा तूर्त बंदच ठेवू. पुढच्या महिन्यापासून त्या खोलीत भजनं सुरू झाली. फडकी मात्र एकीनंही टाकून दिली नाहीत. वसाहतीतल्या दोऱ्यांवर ती लाल रेघेची फडकी मी पुढं कितीतरी वर्षं वाळत घातलेली पाहिली. यांना तिचं काम हवं होतं आणि ती नको होती. या बायकांना मी माफ केलेलं नाही.

घरी येताच आई चपला न काढता स्वयंपाकघरात गेली. "तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो," आत्या म्हणाली.

आईची तयारी नकार ऐकायची होती. मग ती म्हणाली, "आणि मिळालं काय तुम्हाला? जागा गेली ती गेलीच."

आत्या जमिनीवर बसलेली होती. तिनं आईकडे वर बघितलं. "जागा मला मिळणार नव्हतीच वहिनी, ते मला संक्रांतीलाच कळलं. चारचौघींत एकदा तुमच्या तोंडून खरं निघायला हवं होतं. मला चांगलं म्हणताना ते निघत नव्हतं, म्हणून म्हटलं, मला नावं ठेवताना तरी निघेल."

आई म्हणाली, माझं चुकलं, असं मला इथं लिहायला आवडलं असतं. ती तसं काही म्हणाली नाही. दाराशी उभी राहूनच म्हणाली, उठा आता, कारखान्याचा भोंगा होईल, भात टाकायचा आहे. आत्या उठली नाही. आईनं पुन्हा सांगितलं, तरी ती उठली नाही, भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. शेवटी आईनं चपला काढल्या, हातपाय धुतले आणि त्या दिवशी भात तिनं टाकला.