दारावरच्या खिळ्याचा वाद

तिला सगळे पावशेर म्हणायचे. आईबापांनी चांगलं चारचौघींसारखं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. उंची दाराच्या कडीएवढी, अंगावर मांस म्हणाल तर चिमटीत येईल तेवढं. आवाज मात्र असा, की हॉस्पिटलच्या गच्चीवरून हाक मारली तर खाली गेटवरचा पहारेकरी आधी टोपी सावरायचा आणि मग वर बघायचा.

त्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात ती कामाला होती, गच्चीवर चादरी वाळत घालायची. मशीनमधून निघालेली ओली चादर म्हणजे काही हातरुमाल नव्हे. ती झटकायची, डोक्यावरच्या तारेवर फेकायची, कडा जुळवायच्या, चिमटे लावायचे, की पुढची आहेच. दिवसभर हात वर. घरी जेवायला बसली तरी तिचे खांदे कानाशी चिकटलेलेच असायचे.

ही पावशेर तरुणपणी बॉक्सिंग खेळायची. हे ऐकलं की नवखा माणूस आधी तिच्याकडे बघायचा, मग हसू दाबायचा. तिला ते दाबलेलं हसू लांबूनही ओळखू यायचं.

गल्लीच्या टोकाला बॉक्सिंगचा क्लब होता. तिची मावशी तिथे झाडलोट करायची आणि ही मावशीच्या मागे मागे जायची. मावशीची फरशी पुसून होईपर्यंत ही छताला टांगलेल्या पिशवीला ठोसे लावत बसायची. पिशवी हलायची नाही, पण हीसुद्धा हटायची नाही. मास्तरांनी एकदा ते पाहिलं. आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि मावशीला म्हणाले की पोरीला उद्यापासून वेळेवर पाठव.

शिकली, चांगली शिकली. पण खेळायला समोर कुणी मिळेना. बॉक्सिंगमध्ये वजनाप्रमाणे गट पाडतात आणि हिचा गट सगळ्यांत खालचा. स्पर्धेला जायचं, काट्यावर उभं राहायचं, हातांना पट्ट्या गुंडाळून वाट बघायची, आणि समोरून कुणी यायचंच नाही. तेवढ्या वजनाची दुसरी मुलगी कुठल्याच क्लबाकडे नसायची. मग पंच हिच्या एकटीचा हात धरून वर करायचे, गळ्यात पदक पडायचं, आणि ही कोरडी ठणठणीत बसने परत. एकदा निदान वरच्या गटात तरी घेतील म्हणून सकाळपासून केळी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायली. काटा जागचा हलला नाही, पोट तेवढं दिवसभर गुडगुडत राहिलं. क्लबातली पोरं म्हणायची, आमची पावशेर वाऱ्याला हरवून आली.

सरावाला मात्र तिला एक जण मिळाला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा, अंगाने बेताचा आणि बोलायला त्याहून बेताचा. त्याच्याशी रोज दोन हात करता करता तिने त्याच्याशीच लग्न केलं. त्याचं नाक जरा डावीकडे बघायचं. कुणी विचारलं तर तो सांगायचा, लिफ्टचं दार लागलं. तो हे सांगत असला की पावशेर खिडकीबाहेर बघायची.

आता त्या क्लबाची एक रीत होती. दारावर आतल्या अंगाला एक मोठा खिळा ठोकलेला होता. क्लबाच्या वाढदिवसाला जुने-नवे सगळे जमायचे आणि वाद घालायचे, की आजवर इथे जे जे खेळले त्यांची वजनं बाजूला ठेवली, सगळ्यांना एका मापाचं धरलं, तर सगळ्यांत चांगलं कोण? ज्याचं नाव ठरेल त्याचे ग्लोव्हज वर्षभर त्या खिळ्यावर. सुरुवातीला हा वाद इतका रंगला की भिंतीवरचा आरसा फुटला आणि एकाचा दात दुसऱ्याच्या बाहीत सापडला. तेव्हा मास्तरांनी नियम केला. ज्याला बोलायचं त्याने ग्लोव्हज चढवायचे, दोन्ही मुठी गालांशी धरायच्या आणि तसं उभं राहून बोलायचं. मुठी हनुवटीच्या खाली आल्या की शिट्टी. शिट्टी वाजली की तोंड बंद, ते थेट पुढच्या वर्षी उघडायचं. हात गुंतलेले राहिले की आरसे शाबूत राहतात, एवढाच मास्तरांचा विचार. पण त्यामुळे भाषणंही आटोपशीर झाली. खांदे भरून आले की माणूस आपोआप मुद्द्यावर येतो.

त्या खिळ्यावर कित्येक वर्षं रेड्याचे ग्लोव्हज होते. रेडा म्हणजे क्लबातला सगळ्यांत जड गडी. आता त्याचे गुडघे गेले होते आणि क्लबातली एकुलती एक खुर्ची त्याची झाली होती. माणूस गुणाने गरीब, त्याने स्वतः कधी कुठला मान मागितला नाही. त्याच्या बाजूने दरवर्षी बोलायला उभा राहायचा तो पावशेरचा नवरा. समोर गॅरेजवाला. तो डावऱ्याचं नाव लावून धरायचा. हा डावरा डाव्या हाताने खेळणारा, केव्हाच परगावी गेलेला, पण गॅरेजवाल्याच्या तोंडी रोज राहायला. दरवर्षी तेच दोघे, तेच मुद्दे, शेवटी रेडाच. पावशेर भिंतीला टेकून ऐकायची.

यंदा आदल्या संध्याकाळी नवरा ठेवणीतला शर्ट शोधत होता, तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, उद्या कुणाचं नाव घेणार. तो कपाटात डोकं घालूनच म्हणाला, घ्यायचं काय, रेड्याचंच.

"माझं कधी मनात आलं नाही?"

त्याचं डोकं कपाटातून बाहेर आलं. "अगं, पण तू लढलीसच कुठे?"

वाईट हेतूने म्हणाला नव्हता. तेच जास्त लागलं. बाकीच्या जगाने म्हटलं असतं तर तिने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. पण ज्याने तिचे ठोसे वर्षानुवर्षं खाल्ले त्याने म्हणावं? राग आला की ती कपड्यांच्या घड्या घालायची. त्या संध्याकाळी धुतलेले कपडे संपले, तेव्हा तिने न धुतलेल्यांच्याही घातल्या. आणि शेवटची घडी घालताना मनाशी पक्कं केलं, की उद्या त्या खिळ्यावर आपले ग्लोव्हज चढतील, नाहीतर पुन्हा त्या क्लबाचं तोंड बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला. नवऱ्याने रेड्याचा उजवा हात वाखाणला, गॅरेजवाल्याने डावऱ्याचे पाय. पोरं भिंतीला टेकून जांभया द्यायला लागली. तेवढ्यात पावशेर उठली, कोपऱ्यातल्या पेटीतून क्लबाचे सगळ्यांत लहान ग्लोव्हज काढले आणि रेड्यापुढे हात धरले. स्वतःचे ग्लोव्हज तिच्याकडे कधी नव्हतेच, ती खेळायची ती याच जोडीने. रेड्याने नाड्या बांधून दिल्या. ती मधे जाऊन उभी राहिली आणि मुठी गालांशी नेल्या.

मास्तरांना एका कानाने ऐकू यायचं नाही. त्यांनी चांगला कान पुढे केला. "पोरी, तू कुणाच्या बाजूने?"

"माझ्या."

भिंतीपाशी हसू फुटलं. गॅरेजवाला म्हणाला की स्वतःचं नाव घ्यायची रीत नाही, दुसऱ्याने घ्यायचं असतं.

"बरोबर आहे, भाऊजी. मी थांबले होते दुसऱ्या कुणासाठी. कुणी घेत नाही म्हणून मी घेते."

मास्तरांनी जरा विचार केला. नियम हातांबद्दल होता, नावांबद्दल त्यांनी कधी काही ठरवलंच नव्हतं. बोल म्हणाले.

गॅरेजवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, रागावू नका. पदकं आहेत, कोण नाही म्हणतंय. पण हरवलंत कुणाला? तुमची एक तरी लढत झाली का?"

नवऱ्याची मान त्याला दुजोरा देत हलली. पावशेरला मुठींच्या फटीतून ते दिसलं.

"भाऊजी, रेडा आणि डावरा कधी समोरासमोर आले?"

"छे. वजन कुठे जमतंय त्यांचं?"

"मग तुम्ही इतकी वर्षं भांडताय ती लढत झाली कधी?"

गॅरेजवाला रेड्याकडे बघायला लागला.

"झालेली नाही," पावशेर म्हणाली. "तुमच्या या अख्ख्या वादात झालेली लढत एकही नाही. सगळ्या न झालेल्या. आणि न झालेल्या लढती माझ्याइतक्या या क्लबात कुणी लढलेल्या नाहीत. मी दर वेळी काट्यावर चढले, पट्ट्या बांधून दोरांच्या आत उभी राहिले. जी आली नाही तिचा जाब मला विचारता? सगळ्यांना एका मापाचं धरायचं म्हणता ना? मग धरा. इतरांना धरता, माझी पाळी आली की काटा काढता."

गॅरेजवाल्याला हातवारे केल्याशिवाय बोलता यायचं नाही. "तसं नाही हो वहिनी," म्हणताना त्याचा उजवा हात सवयीने खाली आला. शिट्टी वाजली. तो खाली बसला तो डावऱ्याला बरोबर घेऊनच.

उरले नवरा-बायको. दोघांच्या मुठी गालांशी, अंतर हातभर, तरुणपणी असायचं तेवढंच. त्याचे खांदे थरथरत होते. तिचेही दुखत होते, पण ते तिच्या रोजच्या ओळखीचं दुखणं होतं.

"अहो," ती म्हणाली, "रेड्याचं पुष्कळ सांगून झालं. आता नाकाचं सांगा."

त्याने मुठी जवळ घेऊन नाक झाकलं. पोरं भिंतीपासून पुढे आली. रेडासुद्धा खुर्चीत पुढे सरकला.

"लिफ्टचं दार नव्हतं ते," ग्लोव्हजच्या आतून आवाज आला.

"मग?"

"डावा दाखवलास आणि उजवा दिलास. मला अजून कळलेलं नाही कुठून आला."

आणि इतक्या वर्षांचं ते दार पोटातून निघाल्यावर त्याला हसू आवरेना. तो गुडघ्यांवर हात टेकून हसत राहिला. मास्तरांनी शिट्टी वाजवली, तीही त्याला ऐकू गेली नाही.

पण मास्तर जुने माणूस. ते म्हणाले, पोरी, मुद्दा पटला, तरी यंदा रेड्याचेच राहू देत, पुढच्या वर्षी बघू.

"मी हात खाली केलेले नाहीत, मास्तर."

"अगं, पण…"

"नियम तुमचा आहे. मुठी वर आहेत तोवर वाद संपलेला नाही. मी उद्या अशीच कामावर जाईन."

यावर बोलायला कुणाच्या मुठी वर नव्हत्या. मास्तरांच्याही नाहीत.

आधी उठला रेडा. दोन्ही गुडघे वाजवत दाराशी गेला, हात लांबवून स्वतःचे ग्लोव्हज खिळ्यावरून काढले आणि फुंकर मारली. धूळ त्याच्याच डोळ्यांत गेली. "ये पावशेर," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता ते लोढणं बघवत नाही." त्याने स्टूल ओढलं आणि आपलं अख्खं पाऊल त्याच्या आडव्या दांडीवर ठेवलं. त्यानंतर ते स्टूल हलायची काय बिशाद.

पावशेर मुठी गालांशी धरूनच स्टुलावर चढली. खिळा अजूनही उंच होता. तिने हात सरळ डोक्यावर नेले, गच्चीवर तारेकडे नेते तसे. नवऱ्याने दातांनी आपले ग्लोव्हज ओढून काढले आणि तिच्या मनगटांवरच्या नाड्या सोडायला लागला. दोन्ही नाड्यांची खिळ्यावरून गाठ मारता मारता त्याला घाम फुटला.

"हात भरून आले गं."

"माझे रोज येतात."

गाठ बसली तसे तिने एकेक करून हात ग्लोव्हजमधून अलगद काढून घेतले. ग्लोव्हज वर लटकत राहिले, लहानसे, अंगठ्यांशी शिवण उसवलेले.

"उतर आता," नवरा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

"थांबा," पावशेर म्हणाली. "इथून नीट दिसतायत."