पालथं न घातलेलं फुलपात्र

"काकू, या वेळी जंतू मूत्राशयात थांबलेले नाहीत. वर किडनीपर्यंत गेलेत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या पायाशी उभ्या राहून त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. बाहेर कोल्हापूर उन्हानं भाजून निघत होतं आणि मी दवाखान्यातल्या खाटेवर दोन पांघरुणं घेऊन थंडीनं कुडकुडत होते. कमरेत एका बाजूला अशी कळ होती की कूस बदलायची सोय नव्हती.

त्या आजाराला पायलोनेफ्रायटिस म्हणतात, म्हणजे लघवीचा संसर्ग किडनीत पोचणं. तो ज्या दुखण्यातून आला त्याचं नाव रिकरंट यूटीआय. म्हणजे लघवीच्या मार्गात पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग. बरा होतो, आपण विसरतो, आणि हा पठ्ठ्या परत दारात हजर.

मी ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. माप घ्यायला पडद्याआड आलेल्या बायका जे बोलतात ते नवऱ्याशी बोलत नाहीत, डॉक्टरशी तर नाहीच. दवाखान्यातून घरी आल्यावर मी माझं दुखणं उघड सांगायला लागले, तेव्हा कितीतरी जणी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला बी तसंच हुतंय वो." म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहितेय.

सुरुवात जळजळीनं झाली. आपल्याकडे तिला उन्हाळी लागली म्हणतात आणि तिची दखल कुणी घेत नाही. मीही घेतली नाही. धन्याचं पाणी झालं, वाळा झाला, सब्जा झाला. गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकीकडे एक उपाय होता आणि मी ते सगळे केले. अगदीच सहन होईना तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बरं वाटल्याबरोबर उरलेल्या डब्यात टाकल्या. पुढच्या वेळी त्याच डब्यातल्या घेतल्या. हे असं दोन वर्षं चाललं. त्यात माझी एक सवय अशी की, लघवीला लागली तरी उठायचं नाही. एवढी बाही जोडते आणि उठते, एवढं काज करते आणि उठते. मशीनवर बसलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

दवाखान्यात सलाईनमधून इंजेक्शनं सुरू झाली आणि पहिल्याच संध्याकाळी एक नवाच प्रश्न उभा राहिला. आम्ही शेतकरी जैन. लग्न होऊन आले त्या वर्षी मी रात्रीचा नियम घेतला. सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही, ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. इतक्या वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. मोठ्या मुलाच्या वेळी रात्रभर कळा दिल्या त्या कोरड्या घशानं. मला त्याचा अभिमान होता. मग आता हे सलाईन रात्रभर चालणार, त्याचं काय?

आमचे मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. धर्माचा अभ्यास बेताचाच, पण उत्तर तयार. "तोंडानं कुठं जातंय? शिरेतनं जातंय की! गप पडून ऱ्हा." आणि स्वतः मात्र रोज दुपारपासून सिस्टरच्या मागे लागायचे, "सिस्टर, गोळ्या हायत त्या दिवस बुडायच्या आत द्या की ओ." सिस्टर बिचाऱ्या हसून द्यायच्या. सुरुवातीचे दिवस त्यांनी माझं अंग पुसलं, वेणी घातली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ताप उतरला आणि तपासण्या सुरू झाल्या. युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कोणत्या औषधाला दबतात हे बघणं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का हे सांगणारी रक्ताची तपासणी. साखर. सोनोग्राफीला तर पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन बसायचं होतं. बाकावर आम्ही सगळ्याजणी मांडीला मांडी घट्ट लावून बसलेल्या, कुणी हसवलं तरी पंचाईत. शेजारची एक बाई कोडोलीहून आली होती. ती दर मिनिटाला दाराकडे बघून म्हणायची, "आता हाक मारली न्हाई तर माझं काय खरं न्हाई." आम्ही हसलो आणि दोघींचीही अवस्था बिकट झाली.

खडा निघाला नाही. साखर नव्हती. किडनी सावरली होती. फक्त कल्चरच्या रिपोर्टवर बोट ठेवून मॅडम म्हणाल्या, "या जंतूंवर चालणारी औषधं कमी होत चाललीत. अर्धवट कोर्स झाले की असं होतं. आता परत परत होऊ द्यायचं नाही. प्रत्येक वेळी ते वर चढले तर किडनीवर व्रण राहतील."

त्यावर त्यांनी प्रोफिलॅक्सिस सुचवलं. म्हणजे आजार झाल्यावर नव्हे, होऊ नये म्हणून औषध घेणं. नायट्रोफ्युरँटोइनची कमी ताकदीची गोळी, रोज एक, सहा महिने. मी म्हटलं, "दुखत नसताना गोळी कशाला?" मॅडमनी शांतपणे सांगितलं, "दुखायला लागेपर्यंत उशीर होतो, काकू. तुमच्या बाबतीत ते कळलंच की." शिवाय बाईची पाळी गेली की अंगातलं ईस्ट्रोजेन कमी होतं, आतली त्वचा कोरडी पडते आणि जंतूंचं फावतं, म्हणून ईस्ट्रोजेनचं एक क्रीमही दिलं, आतून लावायचं. ते ऐकून मी पदराशी चाळा करत बसले. पण लावायला लागल्यावर त्यात लाजण्यासारखं काही उरलं नाही.

जोडीला सूचना होत्या. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, लागली की उठायचं. कोरडा खोकला, धाप, किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर गोळी थांबवून लगेच यायचं. सुई धरणारी बोटं माझी, मुंग्यांचं ऐकून मी रोज बोटं चोळून बघायची. गोळीनं लघवी गडद तपकिरी होऊ शकते हेही त्यांनी सांगितलं होतं, पण ते मी विसरले. पहिल्यांदा तो रंग बघितला आणि मालकांना हाका मारून घर डोक्यावर घेतलं. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून सांगितलं, रंग औषधाचा आहे. मालक म्हणाले, "आपल्या चहापेक्षा कडक हाय, एवढंच."

गोळी रोज घेत होते. तरीही दोन महिने व्हायच्या आत जळजळ परत आली.

मी रडतच मॅडमसमोर बसले. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "गोळी किती वाजता घेता?"

"दिवस बुडायच्या आत. जेवणाबरोबर."

"मी झोपताना लिहिलंय."

"तेच आमचं झोपतानाचं. त्यानंतर तोंडात काही घालत नाही. आमचा नियम आहे."

मी काही लपवलं नव्हतं. स्वतःचं नाव कुणी वेगळं सांगत बसतं का, तसंच ते. मॅडम मूळच्या आमच्या भागातल्या नव्हत्या, त्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला सगळं सांगू दिलं. रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काकू, झोपेत लघवी मूत्राशयात साठून राहते. औषध तेव्हा तिथं असावं लागतं. तुम्ही संध्याकाळी घेता आणि झोपेपर्यंत दोनदा जाऊन येता, मग रात्रीला काय उरणार? आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाणी नाही. जंतूंना सगळी रात्र मोकळी. तुमच्या नियमात मी बोलणार नाही. वेळ न बदलता आणखी काय करता येईल ते मी शोधीन. पण मला विचाराल तर गोळी झोपताना, भरपूर पाण्याबरोबर. संध्याकाळचं जेवण झालेलं असतं, तेवढं पोटाला पुरे. घरी बोलून बघा."

घरी बोलून बघा! घरी अव्वा होत्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, वय पंच्याऐंशीच्या पुढे, नियमाला माझ्याहून कडक. दिवस मावळायला आला की त्या स्वयंपाकघरात जातात आणि पाण्याची फुलपात्रं एकेक करून फळीवर पालथी घालतात. तांब्याही पालथा. त्यानंतर आमच्या घरात पाण्याचा विषय नाही. मी त्यांच्याच हाताखाली हे शिकले. आता त्यांच्यासमोर रात्री पाणी प्यायचं? मालकांना विचारलं तर ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अव्वाला इचार." तेवढी हिंमत असती तर त्यांना कशाला विचारलं असतं?

माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी भांडत होत्या. एकीकडे किडनी, दुसरीकडे आयुष्यभर सांभाळलेली एकमेव गोष्ट जी पूर्ण माझी होती. शिक्षण अर्धवट राहिलं, दुकान मालकांच्या नावावर. नियम तेवढा माझा. तो मोडला तर माझ्याकडे काय राहतं, असं वाटून मला फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि मॅडम जे म्हणाल्या ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात थांबवला नाही. फक्त विचारलं, "मग तू काय ठरीवलंस?"

"माझा नेम मोडतोय, अव्वा."

"कसा मोडतोय? नेम घेताना काय बोलणं झालंतं ते ध्यानात हाय का तुझ्या?"

मला खरंच काही आठवेना. नवी नवरी होते, माताजींच्या, म्हणजे आमच्या साध्वींच्या, समोर डोईवर पदर घेऊन जमिनीकडे बघत बसले होते, एवढंच आठवत होतं.

"तुला कुठलं आठवणार! मान वर केलीस तर ना. मी बोलले माताजींस्नी. पोर ल्हान हाय, म्होरं बाळतपणं हायत, दुखणी हायत. औषध-पाण्याची सूट ठिवून नेम द्या, म्हटलं. त्या व्हय म्हणाल्या. ती सूट तवापासनं तुझ्या नावावर पडून हाय."

मी बघतच राहिले. "मला कुणी सांगितलंच न्हाई!"

"तू कधी इचारलंस? आणि बाळतपणाला गेलीस म्हायेरी. तितं कोण सांगणार?"

मला हसावं की चिडावं कळेना. रात्रभर कोरड्या घशानं दिलेल्या त्या कळा आठवल्या आणि मी जरा चिडलेच. मग विचारलं, "अव्वा, तुमच्या नेमाला हाय का सूट?"

"न्हाई," त्या डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "माझ्यासाठी कोण मागणार हुतं? माझी सासू तसली नव्हती."

मी त्यांच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि उरलेली डाळ निवडायला लागले.

त्या संध्याकाळी अव्वांनी नेहमीसारखी फुलपात्रं पालथी घातली. एक तेवढं सरळ ठेवलं. त्यात उकळून गाळलेलं पाणी ओतलं, वर ताटली झाकली. मी झोपायची तयारी करत होते तेव्हा काठी टेकत आल्या आणि ते माझ्या हातात दिलं. "घे. गोळीपुरतं न्हाई, भरपूर पी म्हणालीया डॉक्टरीण." मी गोळी घेतली आणि सगळं पाणी प्याले. डोळे भरून आले होते. अव्वा रिकामं फुलपात्र घेऊन गेल्या.

पुढचे सहा महिने तो क्रम चुकला नाही. मी विसरले तरी त्या विसरत नसत. अंथरुणातून आवाज यायचा, "सुनंदा, गोळी?" जळजळ परत आली नाही. दर तपासणीला रिपोर्ट स्वच्छ यायचा. शेवटचा रिपोर्ट बघून मॅडमनी गोळी बंद केली, क्रीम आठवड्यातून दोनदा चालू ठेवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा त्रास झाला तर लगेच या. मेडिकलमधून काही घेऊ नका." प्रत्येकीचं औषध वेगळं असतं. माझं मला लागू पडलं म्हणून तुम्ही तेच मागू नका. पण एवढं मात्र करा, लवकर दाखवा आणि डॉक्टरांना आपली राहणी सगळी सांगा. जेवायची वेळ, उपासतापास, नेम, सगळं. विचारलं नाही तरी सांगा. मला भेटल्या तशा मॅडम तुम्हालाही भेटोत.

गोळी बंद झाली त्या संध्याकाळी माझा नियम पहिल्यासारखा झाला. अव्वांचं फळीवरचं काम आटोपलं होतं आणि ते एक फुलपात्र नेहमीप्रमाणे उभं होतं. मी म्हटलं, "अव्वा, आता लागणार न्हाई," आणि ते रिकामं करून पालथं घातलं.

अव्वा काठी टेकत फळीपाशी आल्या. त्यांनी ते उचललं, सरळ केलं, पाणी ओतलं आणि वर ताटली ठेवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "भरलेलं असू दे माझ्या पोरीचं."