महादू आणि पार्टी

आमच्या गाण्याच्या पार्टीतले दोघे भेटले की तिसऱ्यानं घरी जायची घाई करू नये. एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटतो, आणि समोरच्या चहावर साय येते! त्यातले बहुतेक आमच्या मुख्य गवयाचे, सखारामबाबांचे. बाबा अकोल्याच्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, रुईच्या गाठी ओढायचे आणि सुटी झाली की खंजिरी घेऊन गायचे. त्यांनी ओळ टाकायची, आम्ही मागून ती उचलायची. याला आम्ही झील धरणं म्हणतो. असा गळा वऱ्हाडात दुसरा नव्हता. आमचे बाबा म्हणून सांगत नाही, खरंच नव्हता!

*

अमरावतीला गाण्याची स्पर्धा होती. प्रत्येक पार्टीला पंधरा मिनिटं. वेळ संपली तशी परीक्षकांनी घंटी वाजवली. बाबा गातच. पुन्हा वाजवली. मग बाबांनी खंजिरी थांबवली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "साहेब, बैलाच्या गळ्यात घंटी वाजते म्हनून कोनी गाडी थांबवते का?"

मांडव हसून हसून आडवा झाला. बक्षीस अर्थातच गेलं. पण लोकांनी बाबांना उठू दिलं नाही. ज्या पार्टीला बक्षीस मिळालं, तीच शेवटपर्यंत आमच्यासमोर मांडी घालून ऐकत बसली!

*

आणि अशा माणसाला एके दिवशी तीन मिनिटांत गायला सांगितलं!

झालं असं, की मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब अकोल्यात आले. वऱ्हाडी गाण्याची एक तबकडी काढायची होती, आणि तबकडीच्या एका बाजूवर तीनच मिनिटं मावत. त्यांच्याकडे एकच दिवस होता. बाबांचं जमलं तर ठीक, नाहीतर ते दुसऱ्या गावचा गवई बघणार होते. बाबांची साठी उलटली होती, पुढचे दात हलत होते, रुईच्या धुळीनं छाती घरघरत होती. आदल्या दिवशी आम्हाला म्हणाले, "महादू उस्तादाचा आवाज मातीत गेला रे पोरहो. ते कसे गायचे, आता कोनाले दाखवू? माह्या गळ्यात त्यायचा जेवढा उरला हाये, तेवढा तं उतरून घेऊ द्या."

महादू उस्ताद म्हणजे बाबांचे गुरू, बाळापूरचे. तरणेपणी बाबा वर्षानुवर्षं त्यांच्या मागं उभं राहून झील धरायचे. तेव्हा रेकॉर्डवर बाबांना उस्तादांचंच गाणं गायचं होतं. दुसरं कोणतंच नाही.

*

अकोल्यात स्टुडिओ कुठला? रविवारी जिन बंद, म्हणून मालकांनी गोदाम उघडून दिलं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून साहेबांनी चारी बाजूंनी रुईच्या गाठी रचायला सांगितल्या. रचल्या कोणी? आम्हीच की! गवई, ढोलकीवाला, झीलकरी, सगळे हमाल. मुंबईच्या कोणत्या गवयानं स्वतःच्या हातानं स्टुडिओ बांधला असेल, सांगा बरं!

बाबांनी एका गाठीवर थाप मारली. "जिंदगीभर माहा गळा खाल्ला तू. आज राखन कर!"

*

लाल दिवा लागला. बाबांनी रिवाजाप्रमाणे नमन धरलं. आधी बुद्धाला वंदन, मग गावाला, मग जमलेल्या मायबापाला, मग उस्तादाला, मग खंजिरीला. दिवा विझला.

"झालं," साहेब म्हणाले.

"काय झालं?"

"तीन मिनिटं झाली."

बाबा थक्क! "अवो, अजून तं मी बसलो बी नाई!"

*

नमन कापलं, तर नवीनच पंचाईत. समोर माणूस नाही म्हणून बाबांचा आवाज निघेना. "गाठीयले काय गाऊन दाखवू? ह्या तं मान बी हलवत नाईत!"

शेवटी गाणं ऐकायला फाटकापाशी जमले होते तेवढे हमाल आत आणून बसवले. साहेबांनी ताकीद दिली, कोणी चकार शब्द काढायचा नाही. बाबांनी पहिलीच तान अशी घेतली, की मागून किसना ढोलकीवालाच ओरडला, "वा रे वाघा!"

फीत वाया गेली. पुढच्या खेपेला प्रत्येकाच्या तोंडात ज्याचा त्याचा दुपट्टा कोंबला होता. किसन्याच्या तोंडात दोन! अशी शिस्तीची मैफल मी पुन्हा पाहिली नाही.

*

तरी गाणं लांबतच होतं. एक कडवं काढलं, दुसरं काढलं. शेवटी एकच ओळ जास्तीची राहिली. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव अखेरीस घ्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्यानंतर गाणाऱ्यानं आपलं नाव घ्यायचं. "महादू म्हणे" आणि मग "सखाराम गाये".

साहेब म्हणाले, "दोन्हींतलं एकच बसेल."

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "बाबा, तुमचं ठेवा! रेकॉर्ड तुमची हाये!"

बाबा म्हणाले, "माहं कटवा. मी जिता हाओ, कोनी इचारलं तं सांगता येते."

आणि मग ते असे गायले, की साहेब दिवा विझवायचंच विसरले.

*

काही महिन्यांनी रेकॉर्ड आली. कागद फाडला आणि आमची तोंडं उतरली. मुंबईत कोणीतरी गाणं शेवटपर्यंत ऐकून नाव छापलं होतं. "महादू आणि पार्टी"! म्हणजे ढोलकीवाला आला, झीलकरी आलो, तोंडात दुपट्टा कोंबलेले हमालसुद्धा आले. बाबा तेवढे राहिले!

किसना तर पेटलाच. "आत्ताच्या आत्ता मुंबईले जातो अन् जाब इचारतो!"

बाबांनी रेकॉर्ड धोतराच्या सोग्यानं पुसली. "मुंबईले काहून? बाळापूरले चाल."

*

बाळापुरात उस्तादांची बायको होती, जनामाय. फार थकलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं. स्टँडजवळच्या हॉटेलात फोनो होता. बाबांनी जनामायला हाताला धरून तिथं आणलं, बाकावर बसवलं. आम्ही भोवती उभे. हॉटेलवाल्यानं चाबी भरली, तबकडीवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि सुई ठेवली.

जनामायनं पहिल्याच ओळीला घसरलेला पदर डोक्यावर घेतला. गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही. "महादू म्हणे" आलं, रेकॉर्ड थांबली.

मग तिनं चाचपडत बाबांचा हात धरला. आवाजात चांगलाच राग होता.

"सख्या, हे एवढं गाऊन राहिले, अन् तू कुठं होता रे? त्यायच्या मांगं झील धराले नव्हता का?"

बाबा खाली तिच्या पायाशी बसले.

"होतो माय," ते म्हणाले. "मांगंच होतो."